तीन मण्यांची दोरी आणि क्रेनवरची घार

दोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ओले कपडे येतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, मित्रांनो. मी जुनी आहे, मळकी आहे, एका टोकाला थोडी उसवलेलीही आहे. पण मी कपडे वाळत घालायची दोरी नाही. मी डोळ्यांना वळण लावणारी दोरी आहे. माझ्या अंगावर तीन लाकडी मणी आहेत: लाल, पिवळा आणि हिरवा. आता कुणी म्हणेल, तीन मण्यांच्या जिवावर केवढी ही ऐट! ऐट आहेच. का आहे ते ऐका आणि मग बोला.

माझा जन्म झाला त्या खोलीला लोक 'डोळ्यांची तालीम' म्हणतात. खाली किल्ल्या बनवणारा, वर दातांचा दवाखाना, आणि मधल्या मजल्यावर आमची खोली. इथे चष्म्याचा नंबर काढायला कुणी येत नाही. नंबर ठीक असूनही ज्यांचं डोळ्यांशी जमत नाही, ते येतात. कुणाला चेंडू उशिरा दिसतो, कुणाची वाचताना ओळ सुटते, कुणाच्या डोक्याला मार लागलेला असतो आणि तेव्हापासून पायरी जिथे दिसते तिथे पाय पडत नाही. या सगळ्यांच्या डोळ्यांची परीक्षा घेणाऱ्या आणि त्यांच्याकडून डोळ्यांचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना सगळे वस्तादबाई म्हणतात. त्यांनीच मला बनवलं. तेव्हा त्या नव्या होत्या आणि खोलीत एक खुर्ची, एक अक्षरांचा तक्ता आणि भरपूर उमेद एवढंच सामान होतं. पडद्याची उरलेली पांढरी दोरी त्यांनी घेतली, लहान मुलांच्या मोडक्या मणीपाटीतले तीन मणी काढले, आणि स्वतः दात-ओठ खात एकेक मणी माझ्यात ओवला. हिरवा मणी जाता जात नव्हता. तो तेव्हापासूनच आडमुठा.

माझं काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. माझं एक टोक दाराच्या कडीला बांधतात. दुसरं टोक माणसानं नाकाच्या शेंड्याला धरायचं, मला ताणायचं आणि एका मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे जोडीनं काम करत असतील तर मी एकटी असून दोन दिसते! उजव्या डोळ्याची एक दोरी, डाव्या डोळ्याची एक, आणि ज्या मण्याकडे बघाल बरोब्बर त्या मण्यात दोघींची फुली पडते. डोळे आत वळायला कुरकुर करत असतील तर फुली मण्याच्या पलीकडे सरकते आणि मणीच दोन दिसतात. आणि मेंदूनं एका डोळ्याचं ऐकणंच सोडलं असेल, तर मी दिसते एकच. वस्तादबाई सगळ्यांना सांगतात, "डोळे नुसते निरोप देतात हो. दिसतं ते मेंदूला. दोन निरोप जुळले नाहीत तर तो बिचारा एक फाडून टाकतो."

काय दिवस होते ते! सकाळपासून माझ्या टोकाला कुणाचं ना कुणाचं नाक लागलेलं असायचं. टेबल टेनिस खेळणारी एक मुलगी स्पर्धा जिंकून थेट इथे आली आणि तिनं ते पदक माझ्याच गळ्यात घातलं. दोरीला गळा कुठे असतो म्हणा, पण तिनं शोधला. रात्रपाळीचा एक बसचालक दर भेटीत मला हात जोडायचा. मी फुगून जायचे. दोरी फुगत नाही, हेही मला माहीत आहे. तुम्ही मधेमधे बोलू नका.

मग तो आला. तो म्हणजे भिंतीवरचा पडदा. भलामोठा, काळा, चकचकीत. त्याच्यावर कुठेही दिवा लागायचा आणि माणसानं धावत्या हातानं तो दाबायचा. किती लवकर दाबला, डोळ्याच्या कोपऱ्यातला दिवा सुटला का, थकल्यावर वेग किती घटला, सगळं तो आकड्यांत सांगायचा. वर पुन्हा गाणं वाजवायचा! आता खोटं कशाला बोलू, पडदा कामाचा होता. चपळाई मोजावी तर त्यानंच. गोलरक्षक त्याच्यासमोर घामाघूम व्हायचे आणि हसत बाहेर पडायचे. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते या पठ्ठ्याच्या बाबतीत संपेचनात. मला गुंडाळून खणात टाकलं गेलं. सोबतीला कोण, तर काडी मोडलेले चष्मे आणि सुकलेल्या बॅटऱ्या. खणात अंधार असतो, मित्रांनो, आणि डोळ्यांसाठी जन्मलेल्या दोरीला अंधारात ठेवणं यासारखा अपमान नाही. मी रडले. मणी घासले की जो आवाज येतो तो माझा रडण्याचा आवाज होता, पण कुणाला वाटलं खणात उंदीर आहे.

अशा वेळी घार आली.

घार म्हणजे पक्षी नव्हे. मोठ्या माल-यार्डात उंच क्रेन चालवणारी ती बाई. काचेच्या केबिनमध्ये बसून ती खालचा प्रचंड कंटेनर उचलायची आणि ट्रेलरच्या चार कोपऱ्यांतल्या चार खुंट्यांवर अलगद नेऊन ठेवायची. एवढ्या उंचीवरून तिची नजर कधी चुकली नाही, म्हणून यार्डात सगळे तिला घार म्हणायचे. पण एके दिवशी घरी वाकून भांडं काढताना वरच्या कपाटाचं उघडं दार तिच्या कपाळावर आदळलं. टेंगूळ आलं, उतरलं. डॉक्टरांनी आराम सांगितला, तो तिनं केला आणि कामावर गेली. आणि तिसऱ्या का चौथ्या पाळीला तिनं कंटेनर ट्रेलरवर ठेवला नाही, आपटला. ट्रेलर जागच्या जागी उसळला. नियम असा की माल उतरताना ट्रेलरच्या चालकानं खाली उतरून पिवळ्या रेषेमागे उभं राहायचं, म्हणून तो वाचला. यार्डप्रमुखांनी घारीला त्याच क्षणी खाली बोलावलं. "डोळे तपासून आण. वस्तादबाईंनी हो म्हटलं तर वर, नाही म्हटलं तर फाटकावर पावत्या फाडायला."

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी खणातून फक्त आवाज ऐकत होते, बाकीचं पुढे वस्तादबाईंच्या तोंडून कळलं. घारीनं अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला, अगदी तळच्या बारीक ओळीपर्यंत. म्हणणारच! यार्डात दर वर्षी हाच तक्ता लागायचा आणि झाडून सगळ्या क्रेनवाल्यांना तो पाढ्यांसारखा पाठ होता. नव्या माणसाला म्हणे आधी क्रेनच्या कळा शिकवायचे आणि मग तक्ता. पडद्यानंही तिला डोक्यावर घेतलं. तिचे हात विजेसारखे चालत होते; चपट्या पडद्यावरचा दिवा दाबायला एक डोळाही पुरतो. गाणं वाजलं, आकडे झळकले. वस्तादबाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात त्यांनी ते घारीच्या हातात दिलं. "आधी तुम्ही इथे सही करा."

घारीनं सही केली आणि पेनाला टोपण लावायला गेली. टोपण हवेत गेलं. पुन्हा लावलं, बोटाला शाई लागली. तिसऱ्यांदा तिनं हळूच एक डोळा मिटला आणि टोपण बसवलं.

वस्तादबाई एवढंच म्हणाल्या, "जरा बाहेर बाकावर बसता? एक बारीकशी चाचणी राहिली." आणि खण उघडला! उजेड आला, मित्रांनो, आणि मी पाहिलं तर वस्तादबाईंच्या केसांत पांढरं आलेलं. त्यांनी माझा गुंता सोडवला, धूळ फुंकली आणि मला कडीला बांधलं. तोवर रांगेतले एक आजोबा आत घुसले होते. "माझा नंबर आधी होता," म्हणून ते खुर्चीत बसलेसुद्धा. मग आधी त्यांनाच बघायला लावलं. आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे सगळ्या जगाला कमी ऐकू येतं अशा समजुतीनं ते बोलायचे.

"दोन दोऱ्या!" आजोबा गरजले. "पिवळ्या मण्यावर फुली! आता लाल? लालवर फुली!"

वरच्या मजल्यावर दात उपटून घेणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल. मग बाहेर बाकावर बसलेल्या घारीला का नाही जाणार?

ती आत आली तीच छाती पुढे काढून. मला नाकाला लावलं. वस्तादबाईंनी विचारलं, "हिरव्या मण्याकडे बघा. काय दिसतं?"

"दोन दोऱ्या. हिरव्यावर फुली."

"पिवळा?"

"दोन दोऱ्या. पिवळ्यावर फुली."

"लाल?"

"तेच. दोन, आणि लालवर फुली."

मला तिचे डोळे समोर दिसत होते ना! उजवा लाल मण्यावर होता आणि डावा भलतीकडे, खिडकीतून रस्ता बघत असल्यासारखा. मी तणतणत होते, पण दोरीचं कोण ऐकतं. वस्तादबाईंनी मात्र शांतपणे काळी पट्टी उचलली, घारीचा डावा डोळा पूर्ण झाकला आणि त्याच गोड आवाजात विचारलं, "आता?"

"दोन दोऱ्या," घार ठामपणे म्हणाली. "फुली मण्यावर."

कोपऱ्यात चष्मा शोधत बसलेले आजोबा वळून बघू लागले.

"बाई," वस्तादबाई म्हणाल्या, "एका डोळ्याला एकच दोरी दिसते. एका डोळ्यानं दोन बघणाऱ्या तुम्ही मला पहिल्याच भेटलात."

घारीचं तोंड पाहण्यासारखं झालं. आधी ती लाल झाली, मग पांढरी, आणि मग मला मांडीवर टाकून ओक्साबोक्शी रडू लागली. "एकच दिसते हो. अगदी पहिल्यापासून एकच दिसते. कधी दोन झाल्या तर मणीच दोन होतात, आणि डोकं असं दुखतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं. चहा ओतते तो कपाच्या बाहेर पडतो. पण मला खाली बसायचं नाही, बाई! जन्मभर वर बसलेय मी."

"आणि खाली माणसं उभी असतात त्यांचं काय?"

"तेच डोळ्यांसमोर येतं," घार म्हणाली. "तो ट्रेलरवाला. झोपू देत नाही मला." 

वस्तादबाईंनी सही केली नाही. कागद खणात ठेवला आणि खणातून काढलेल्या मला घारीच्या हातात दिलं. "ही घरी न्या. रोज सकाळ-संध्याकाळ. थोडंच, पण खरं. डोकं दुखलं की थांबायचं. सगळ्यांचं सुधारतंच असं मी म्हणत नाही. पण दिसत नसताना दिसतं म्हणालात तर तुमचं कधीच सुधारणार नाही, हे मात्र लिहून घ्या."

अशी मी सासरी गेले. घारीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एक कडी होती, तिथे माझं टोक बांधलं गेलं. घरात तिचा नवरा, जो दिवसभर गाड्यांच्या सीटा शिवायचा, आणि तिची सासू. सासू म्हणजे काय बाई होती! पहिल्याच दिवशी सुनेला बाजूला सारून तिनं मला स्वतःच्या नाकाला लावलं. "अगंबाई, दोन आहेत की! फुलीबिली सगळं आहे. म्हातारपणी माझे डोळे तरणे, आणि तुझे गं?"

घार फणकारली. "ही दोरीच वाकडी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," सासू म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. पण बसली ती सुनेसमोर, तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून. डावा डोळा भटकला की चिमटा काढल्यासारखी हाक मारायची, "डावखुऱ्या, घरी ये!"

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. घारीला घाम फुटायचा, मळमळायचं. एका सकाळी वैतागून तिनं मला धुण्याच्या बादलीत भिरकावलं. पुढे काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. घरातल्या कुणीतरी मला पिळून बाल्कनीत बांधलं आणि माझ्यावर मोजे वाळत घातले. मोजे, मित्रांनो! माझ्या लाल मण्याला नवऱ्याचा ओला मोजा लागत होता. सासूनं ते पाहिलं आणि आधी मुलाची हजेरी घेतली. मग मला सोडून आणलं आणि सुनेसमोर धरलं. आवाज नेहमीसारखा नव्हता. "हे बघ, तू फाटकावर बसलीस तरी या घरात कुणी तुला कमी लेखणार नाही. पण तू स्वतःला कमी लेखशील, ते माझ्यानं बघवणार नाही. धर."

घारीनं मला धरलं. 

त्यानंतर तिनं एकही दिवस चुकवला नाही. मधे वस्तादबाईंकडे फेऱ्या होतच होत्या. तिथे पडद्यासमोरही तिला उभं करायचे, कारण बाईंना नजर आणि हात दोन्ही हवे होते. आधी लांबचा हिरवा मणी वश झाला, तो आडमुठा असूनसुद्धा. मग पिवळा. लाल मणी मात्र नाकासमोर असून हाती लागेना. घार रोज खरं सांगायची, "एकच. आज एकच. आज दोन आहेत, पण फुली लांब गेलीय." असं खरं बोलणं तिला किती जड जायचं ते मला तिच्या बोटांवरून कळायचं. बोटं मला करकचून धरायची, ढिली पडू द्यायची नाहीत.

आणि मग एका सकाळी, दूध तापत असताना, ती किंचाळली. सासू हातातली पळी उगारून धावत आली. "कुठाय साप?"

"साप नाही हो, दोरी! दोन दोऱ्या! लालवर फुली! आई, लाल मण्यावर, बरोब्बर!" घारीनं सासूला मिठी मारली, सासूनं तिला, आणि मी दोघींच्या मधे चेंगरले. दूध उतू गेलं ते गेलंच. नवऱ्यानं निमूट ओटा पुसला; मोज्यांपासून तो मला वचकून होता.

वस्तादबाईंनी परत तपासलं. या वेळी मण्यांची जागा बदलून, पट्टी मधेच लावून, मधेच काढून. घार जे दिसलं तेच बोलली. सही झाली. पण यार्डप्रमुख सावध माणूस. ते म्हणाले, "कागद ठीक आहे. मला डोळ्यांनी बघू दे. एक उचल होऊन जाऊ दे. नीट ठेवलास तर केबिन तुझी."

त्या दिवशी घारीनं मला खिशात घातलं. लोखंडी शिडी, वारा, आणि वरची ती काचेची केबिन! पायाखालीसुद्धा काच. मी खाली पाहिलं आणि माझे मणी एकमेकांवर आपटले. घारीनं मला दाराच्या मुठीला बांधलं, नाकाला लावलं, हिरवा, पिवळा, लाल, असे डोळे मोकळे करून घेतले आणि मला मांडीवर ठेवलं. शेजारी वॉकीटॉकी चालूच होता. खालचं सगळं ऐकू येत होतं.

खाली ट्रेलर लागला. आणि चालक कोण, तर तोच! त्या दिवशी वाचलेला. यार्डप्रमुखांनी दुसरा माणूस देऊ केला होता, पण तोच म्हणाला होता, "नको, मीच येतो. घाबरून किती दिवस राहायचं?" आला खरा, पण पिवळ्या रेषेमागे जाऊन त्यानं ट्रेलरकडे चक्क पाठ केली, डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली. इतक्या उंचावरूनही ते मला दिसलं. घारीलाही दिसलं.

मग कंटेनर उचलला. वाऱ्यानं तो किंचित झुलला, तिनं झुलू दिला, थांबवला. पुढे नेला. खाली सोडू लागली. हळू. आणखी हळू. तिचे दोन्ही डोळे मी पाहत होते आणि ते दोघे एका दोरीनं बांधल्यासारखे खाली उतरत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. कंटेनरच्या चार कोपऱ्यांखाली चार खुंट्या होत्या. त्या दिसेनाशा झाल्या. घारीचे हात थांबले.

काहीच आवाज झाला नाही.

वॉकीटॉकीवर यार्डप्रमुख चालकाला हलवताना ऐकू आले. "ए, चल, गाडी काढ."

"अहो साहेब, आधी तिला ठेवू तर द्या!"

"ठेवलाय."

"कधी?"

मग जो हशा उसळला ना, मित्रांनो! सगळं यार्ड हसत होतं, टाळ्या पिटत होतं. चालक ट्रेलरभोवती फिरून चारही खुंट्या हातानं चाचपत होता, तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. शेवटी त्यानं मान वर केली आणि दोन्ही हात जोडले. वर घार हसत होती, रडत होती, आणि मला मुठीत इतकं घट्ट आवळलं होतं की माझा श्वास कोंडला. त्या क्षणी जगातली कुठलीही दोरी, मग ती जहाजाची असो की राजवाड्यातल्या झुंबराची, माझ्या नखाचीही बरोबरी करू शकली नसती.

आता मी यार्डातल्या एका खोलीत असते. पाठ झालेला तक्ता अजून भिंतीवर आहे, पण त्यानंतर सगळ्यांना माझ्यासमोर बसावं लागतं. वस्तादबाई स्वतः येतात. दांडगे दांडगे क्रेनवाले मला नाकाला लावून मुकाट बसतात, ते दृश्य तुम्ही एकदा बघायला हवं.

मित्रांनो, दिवे मोठे ठेवून वाचा, अधूनमधून पुस्तकातून मान वर काढून लांब बघा, खेळा, आणि डोक्याला मार लागला तर 'काही नाही झालं' म्हणून गप्प बसू नका. हे सगळं तुम्हाला घरचे सांगतातच. मी एकच सांगते. परवा एक धिप्पाड गडी माझ्यासमोर बसला. बाहेर रांग होती, सगळे ऐकत होते. उत्तर काय द्यायचं ते त्यालाही माहीत होतं. तरी तो मान खाली घालून म्हणाला, "एकच दिसते हो, बाई."

रांगेतून कुणीतरी हसायला लागणार, तोच मागून जोरात टाळी वाजली. घार होती. "शाब्बास रे!" ती म्हणाली. "आता तू सुधारलास म्हणून समज."